शाळा कशासाठी, हे आधी ठरवू : विदर्भातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातल्या जिल्हा परिषद शाळांच्या व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य, त्यातही ज्यांची सही रजिस्टर घरी पाठवून घेतली जाते त्या सदस्य मायबहिणींना,

रामराम.

मी आर्वी तालुक्यातला शेतकरी. कोरडवाहू जमीन, कपाशी आणि सोयाबीन, मधात तुरीची तासं. दोन्ही लेकरं गावच्याच शाळेत आहेत. मागे एकदा मीही समितीवर होतो. शिक्षण बी. ए., विषय तत्त्वज्ञान. तो मी हौसेनं घेतला असं कोणी समजू नये. तालुक्याच्या कॉलेजात त्याच वर्गात जागा शिल्लक होती. गावात अजून त्यावरून थट्टा होते. कोणाचा गोऱ्हा हरवला तरी मला विचारतात, “याच्यावर काय सांगतलं हाय तुमच्या तत्त्वज्ञानात?” पण त्या तीन वर्षांत एक खोड लागली ती लागलीच. कोणी काम सांगितलं की आधी विचारायचं, कशासाठी? शेतात ही खोड चालून जाते. समितीच्या बैठकीत लोक घड्याळाकडे पाहायला लागतात.

आता मुद्द्याचं. शिक्षणहक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या २१व्या कलमानं ही समिती आली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. २२व्या कलमानं शाळा विकास आराखडा तयार करायचं काम समितीवर टाकलं. आराखड्यात काय असावं तेही नियमांत आहे: पुढच्या तीन वर्षांच्या पटाचा अंदाज, शिक्षक किती लागतील, खोल्या, साहित्य, आणि त्याला लागणारा पैसा. आमच्या वेळी आम्ही लिहिलं, संरक्षक भिंत, मुलींच्या संडासाला दार, हँडपंपाजवळ ओटा, एक स्मार्ट टीव्ही. सगळं गरजेचं होतं, दार तर फारच. पण या भिंतीच्या आत सात वर्षं बसून लेकरानं काय घेऊन बाहेर पडायचं, याला रकानाच नाही.

माझी विनंती एवढीच, की यंदाचा आराखडा भरायच्या आधी एक बैठक फक्त या एका प्रश्नावर घ्या. शाळा कशासाठी?

“हे वरचे ठरवतात,” असं तुम्ही म्हणाल. पुस्तकं पुण्यात ठरतात हे खरं. पण वरच्यांनी ठरवलंय काय ते एकदा पाहा. त्याच कायद्याचं २९वं कलम म्हणतं की अभ्यासक्रम राज्यघटनेतल्या मूल्यांना धरून असावा, मुलाचा सर्वांगीण विकास व्हावा, भीती आणि दडपण नसावं, शक्य तिथवर शिकवणं मातृभाषेतून व्हावं. वाक्यं चांगली आहेत, माझी तक्रार नाही. मात्र ‘सर्वांगीण विकास’ हा असा शब्द आहे की त्यात ज्याला जे हवं ते दिसतं. एकाला कलेक्टर दिसतो, दुसऱ्याला पहाटे उठून सूर्यनमस्कार घालणारं पोरगं, तिसऱ्याला फाडफाड इंग्रजी. आपल्या गावात, आपल्या पटावरच्या लेकरांसाठी त्याचा अर्थ काय, हे वरून येणाऱ्या कोणत्याही परिपत्रकात सापडणार नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या मनात उत्तर तयार आहे, मला माहीत आहे. नोकरी. पोलीस भरती, तलाठी भरती, नाहीतर पुण्याकडे कंपनी. या उत्तराला नाक मुरडणारे लोक मला आवडत नाहीत. ज्यांची स्वतःची पोरं शहरात पगारावर आहेत तेच बहुधा आपल्याला मातीचं महत्त्व सांगायला येतात. दोन एकरांचे चार हिस्से झालेल्या घरातल्या बापाला पोरगी इथून बाहेर पडावी असं वाटलं तर त्यात कमीपणा कसला?

पण एक विचार करून पाहा. माझ्यासोबत सातवी झालेल्या बहुतेकांना नोकरी लागली नाही. कोणी शेती करतो, कोणी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातो, एकाचा ऑटो आहे, एकीनं बचत गटाचे हिशेब असे ठेवलेत की बँकेचा माणूस तिला विचारून पुढे जातो. शाळेचा हेतू नोकरी एवढाच धरला तर हे सगळे वाया गेलेले. गाव तसंच बोलतं ना? “शेतीच कराची होती तं शिकला कायले?” हा टोमणा आहे, पण त्यात प्रश्न आहे, आणि तो सोपा नाही.

या प्रश्नावर आपल्या वर्ध्यात मोठी झटापट झालेली आहे. १९३७च्या २२ आणि २३ ऑक्टोबरला तिथे शिक्षण परिषद भरली, अध्यक्षस्थानी गांधीजी. मग डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं डिसेंबरात अहवाल दिला. सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि सगळं शिकवणं एका हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं. नई तालीम म्हणतात ती हीच. वेळापत्रकात साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटं उद्योगाला दिलेली होती. सूत कातताना तार मोजायचे, त्यातून गणित. कापूस कुठे पिकतो, कुठे विकला जातो, त्यातून भूगोल आणि इतिहास. डोक्यानं काम करणारा वर आणि हातानं करणारा खाली, ही उतरंड शाळेतच मोडायची असा त्यामागचा विचार. मला तो आजही मोठा वाटतो.

पण गांधीजींचा आणखी एक आग्रह होता. लेकरांनी केलेल्या मालातून मास्तरांचा पगार निघावा. त्यावर खुद्द झाकीर हुसेन यांनीच परिषदेत इशारा दिला होता, की असं झालं तर शिक्षक मुकादम बनतील, गरिबांच्या पोरांकडून राबवून घेतील, आणि मग सूत कातायची टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल. स्वातंत्र्यानंतर ही योजना सरकारी शाळांतून हळूहळू विरली. पुढे १९६४-६६च्या कोठारी आयोगानं ‘कार्यानुभव’ सुचवला. आमच्या शाळेत त्याचं काय झालं? शुक्रवारी शेवटचा तास, क्रेप कागदाची फुलं. ज्या पोरांचे हात सुट्टीत कापूस वेचून सोलले होते, ती पोरं शाळेत कामाचा अनुभव म्हणून गुलाबी कागद कापत बसायची.

आता दुसरी बाजू. मद्रासमध्ये १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेची वेळ कमी केली आणि उरलेल्या वेळात लेकरानं घरी आईबापाचा धंदा शिकावा असं ठरवलं. पेरियार आणि इतरांनी त्याविरुद्ध रान उठवलं. सुताराच्या पोरानं सुतारच व्हायचं, न्हाव्याच्या पोरानं न्हावीच, तर शाळा काढली कशाला? आणि वकिलाचा पोरगा उरलेल्या वेळात घरी काय शिकणार, ते सांगायला नकोच. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पदावरून गेले, कामराज आले आणि योजना गुंडाळली गेली. म्हणून कोणी ‘शाळेत शेती शिकवा’ म्हणालं की माझे कान टवकारतात. कोणाच्या पोरांना शिकवायची? सगळ्यांच्या, की फक्त आपल्याच?

जोतीराव फुल्यांनी हा पेच फार आधी ओळखला होता. १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांचा मुख्य राग असा, की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या पोरांवर. मग गावच्या प्राथमिक शाळेत काय असावं याची यादी त्यांनी दिली. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे. यादीत शेती आहे, पण ती हिशेब आणि इतिहासाच्या रांगेत बसलेली. शेतकऱ्याचं पोर शेतकरीच राहावं म्हणून ती तिथे नाही. सावकाराचा कागद वाचता यावा आणि जमीनही कळावी, दोन्ही हवं म्हणून आहे. माझा कौल या यादीला.

म्हणून बैठकीत प्रश्न असा मांडा, असं मला वाटतं. तुमच्या चौथीच्या वर्गात दोन मुली शेजारी बसतात. एक पुढे तलाठी होईल, एक गावात राहील. कोणती कोण, ते आज कोणालाच माहीत नाही. मग दोघींच्याही उपयोगी पडेल असं शाळेनं त्यांना काय द्यावं?

माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही, पण ते शोधताना ज्या दोन गोष्टींपाशी मी अडलो त्या सांगतो.

पहिली, ज्ञान म्हणजे काय आणि ते कोणाजवळ असतं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीसमधली एक गोष्ट प्लेटोनं लिहून ठेवली आहे. सॉक्रेटिस एका न शिकलेल्या गुलाम पोराला जमिनीवर चौरस काढून दाखवतो आणि विचारतो, याच्या बरोबर दुप्पट क्षेत्राचा चौरस कसा काढशील? पोरगा म्हणतो, बाजू दुप्पट करू. तसं केलं तर क्षेत्र चौपट होतं. मग सॉक्रेटिस स्वतः काही न सांगता नुसते प्रश्न विचारत जातो आणि पोरगा बरोबर उत्तरापर्यंत येतो. सॉक्रेटिसचं म्हणणं असं, की ज्ञान आतच असतं, विचारणारा भेटला की बाहेर येतं.

मी हा खेळ खळ्यावर माझ्या मुलीसोबत करून पाहिला. ती सहावीत आहे. तीही म्हणाली, बाजू दुप्पट. दोरी लावली, चार चौरस मावले, तिचं तोंड उतरलं. बाजूला आमचे सालदार दादा सोयाबीनच्या सुडीवरची ताडपत्री काढत होते. शाळेत ते दुसरीपर्यंतच गेलेले. ते तिथूनच म्हणाले, “ताडपत्रीचे चारी कोने मधात आना, अर्धी होते का नाई? मंग उलटं करा.” आम्ही ताडपत्री चौकोनी घडी करून पसरली आणि चारही कोपरे मध्यभागी आणले. खरंच, बरोबर निम्म्या क्षेत्राचा चौरस, कोनावर फिरलेला. मोठ्याची बाजू म्हणजे लहानाचा कर्ण. ते असं का होतं, हे दादांना सांगता आलं नाही. “होतेच तसं,” म्हणाले. मुलीनं मात्र घडीचे त्रिकोण मोजले, वरचे चार आणि खालचे चार सारखेच आहेत म्हणाली आणि कारण सांगून मोकळी झाली. एकाला करता येत होतं, एकीला सांगता आलं. आपली परीक्षा फक्त सांगता येण्याला गुण देते. दादांना आपण अडाणी म्हणतो, पण मोठ्या चौरसाचा रस्ता त्या दिवशी त्यांनीच दाखवला. मग गणिताच्या तासाला वर्षातून चार वेळा अशी माणसं शाळेत आली तर बिघडतं काय? त्यांच्याकडून शेती शिकायची म्हणून नव्हे, त्यांच्याजवळ जे आहे त्याचं कारण लेकरांनी शोधावं म्हणून.

पण सॉक्रेटिसचं सगळं मला पटत नाही. काही गोष्टी आतून येत नाहीत, कोणीतरी सांगाव्याच लागतात. २०१७ चा हंगाम आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, फवारा अंगावरच येत होता. औषधाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो: लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वात कमी. कितीही प्रश्न विचारा, हे कोणाच्याही आतून निघणार नाही. ते शिकवावं लागतं, आणि सातवीपर्यंतच्या प्रत्येक लेकराला ते यावं असं मला ठामपणे वाटतं, तलाठी होणारीलाही.

मात्र इथेच थांबू नका. रंग ओळखता आला, पुढे काय? कृषी केंद्रवाल्यानं दोन औषधं आणि वरून एक टॉनिक एकाच टाकीत मिसळायला सांगितलं, तर त्याला “हे कोणी सांगितलं, कुठे लिहिलंय?” असं विचारायची हिंमत शाळा देते का? पोरीनं बापाला “वारा तोंडावर आहे, आज फवारू नका” म्हटलं तर ती हुशार ठरते की उद्धट? आणि ज्याला दिवसाच्या मजुरीवर पंप पाठीवर घ्यायचाच आहे, त्याला डब्यावरची अक्षरन् अक्षर वाचता आली तरी तो नाही म्हणू शकतो का? शिक्षणानं सगळं होतं, असं भाषणात सांगतात. हा मजूर डोळ्यांपुढे ठेवला की ते वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. काही गोष्टी मजुरीच्या दरानं, कायद्यानं आणि संघटनेनं होतात. शाळेकडून काय मागायचं हे ठरवताना, काय मागू नये हेही ठरवावं लागेल.

दुसरी गोष्ट उद्धटपणाचीच. आपल्याकडे चांगल्या पोराची व्याख्या काय? “शांत बसते, उलटून बोलत नाही.” मास्तरही खूश, आईबापही खूश. माझा विचार वेगळा आहे आणि तो घरी रोज मला त्रास देतो, कारण माझी दोन्ही पोरं उलटून बोलतात. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १६ न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, तिथे जॉन ड्यूई त्यांचे प्राध्यापक. ड्यूईंचं म्हणणं थोडक्यात असं, की शाळा ही पुढच्या आयुष्याची नुसती तयारी नसते, ती आजचंच जगणं असते. आणि लोकशाही म्हणजे फक्त सरकार निवडायची पद्धत नव्हे, एकमेकांसोबत राहायची रीत आहे. आता हे आपल्या समितीला लावून पाहा. बैठक दुपारी बाराला. बाया निंदणाला गेलेल्या. संध्याकाळी रजिस्टर घेऊन एक पोरगं घरोघर जातं आणि आई चुलीपाशी बसून न वाचता सही करते. ते पोरगं नागरिकशास्त्राचा धडा त्याच दिवशी शिकून आलेलं असतं. कोणता धडा त्याच्या लक्षात राहील?

भाषेचं एक सांगायचं राहिलं. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून राज्यभर वाद झाला आणि सरकारला निर्णय मागे घ्यावे लागले. त्या गदारोळात मेळघाटातली कोरकू लेकरं, यवतमाळकडची कोलामी बोलणारी, गडचिरोलीतली गोंडी बोलणारी कोणाला फारशी आठवली नाहीत. त्यांना शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली. मान्यतेचा झगडा त्यांच्या वाट्याला आला. त्यांचं बरोबर की चूक, यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकेल. पण शाळा कशासाठी, हे त्या गावानं एकत्र बसून ठरवलं होतं. आपण वऱ्हाडी बोलणारे त्यांच्यापेक्षा किती सोप्या जागी आहोत, आणि तरी ठरवत नाही.

कोणी म्हणेल, इथे पट वीसच्या खाली जातोय, शाळा राहते की जाते याची चिंता, आणि तुम्हाला तत्त्वज्ञान सुचतंय. पट कमी होतो तो सकाळी सात वाजता येणाऱ्या कॉन्व्हेंटच्या गाडीमुळे. त्या गाडीत पोरगं बसवणाऱ्या बापाला आपल्याला सांगावं लागेल ना, की इथे थांबलास तर काय मिळेल? “फुकट आहे, जवळ आहे, खिचडी मिळते” एवढंच सांगता येत असेल तर तो गाडीच निवडणार. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

तर बैठक घ्या. दिवस पोळ्यानंतरचा ठेवा; डवरणी संपलेली असते, सोयाबीन काढायला वेळ असतो. वेळ रात्री आठची, म्हणजे बायांचा स्वयंपाक आटोपलेला असेल. सहावी-सातवीची पोरंही बोलवा. मास्तर आणि मॅडमना बोलवा, पण पहिला अर्धा तास त्यांनी ऐकावं. नाहीतर सगळे त्यांच्याच तोंडाकडे पाहत बसतात. अध्यक्षांनी भाषण करू नये. प्रश्न तोच, दोन मुलींचा.

आमच्याकडे मी हे पारावर बोललो तेव्हा समितीतल्या एक ताई म्हणाल्या, “तुमचं सारं बराबर हाय भाऊ. पन माह्या पोरीले नोकरी लागन का, ते सांगा.” मला सांगता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, की तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत रजिस्टरमध्ये पहिल्या क्रमांकावर लिहू, आणि दुसऱ्या क्रमांकावर लिहू, ‘नाही लागली तर सात वर्षांत तिला काय मिळालेलं असावं?’ ताईंनी ते मान्य केलं, पण क्रम बदलायचा नाही या अटीवर.

तुम्हीही जे ठरेल ते लिहून काढा. एक पान पुरे. ते आराखड्याला सगळ्यात वर, भिंत आणि ओट्याच्याही आधी, टाचणी लावून जोडा. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्याल तेव्हा बाबू म्हणेल, याला रकाना नाही, हे काढून घ्या. काढू नका. आणि पोच घ्या, शिक्क्यासह.

आपला,
एक शेतकरी पालक
आर्वी तालुका, जिल्हा वर्धा